वीजघराचें ऊन पाणी आणि माउंट होपचे मासे

विजेचें बटण दाबणाऱ्या माणसास कोळशाची आठवण क्वचित् होते, धुराची त्याहून क्वचित्, आणि पाण्याची तर बहुधा कधींच होत नाहीं. तरीहि वाफेवर चालणारीं बहुतेक मोठीं वीजघरें नदीच्या, सरोवराच्या किंवा समुद्राच्या कांठींच कां उभारलेलीं असतात, ह्याचें उत्तर पाण्यांतच आहे. जेम्स वॉट ह्यानें १७६९ सालीं ज्या सुधारणेचें पेटंट मिळविलें ती मुख्यतः हीच होती कीं, सिलिंडरांत काम करून दमलेली वाफ त्याच सिलिंडरांत न निववतां निराळ्या भांड्यांत न्यावी व तेथें तिचें पुन्हा पाणी करावें. ह्या भांड्यास कंडेन्सर म्हणतात. पुढें १८२४ सालीं सादी कार्नो ह्या तरुण फ्रेंच इंजिनियरानें दाखवून दिलें कीं, उष्णतेकडून काम करवून घ्यावयाचें असेल तर एका बाजूस जशी धगधगती चूल पाहिजे तसें दुसऱ्या बाजूस थंड ठिकाणहि पाहिजे. चुलीची सोय माणूस कोळसा जाळून करतो. गारव्याची सोय मात्र त्यानें प्रारंभापासून निसर्गावरच सोंपविली.

हा व्यवहार लहानसहान नव्हे. कोळशांतून निघालेल्या शंभर भाग उष्णतेपैकीं ३५ ते ४० भागांचीच काय ती वीज होते. कांहीं भाग धुरांड्यावाटे निघून जातो. आणि जवळजवळ निम्मी उष्णता कंडेन्सरमधून वाहणारें पाणी आपल्याबरोबर घेऊन बाहेर पडतें. हें पाणी काळें नसतें, त्यास दुर्गंधि नसते, त्यांत रंग किंवा तेल दिसत नाहीं. समुद्रांतून आंत गेलेलें पाणी जसेंच्या तसें समुद्रांत परत आलें, फक्त थोडें ऊन होऊन आलें, एवढेंच पाहणारास वाटतें. त्यामुळें पुष्कळ वर्षें ह्या पाण्याची गणना घाणींत झालीच नाहीं. ती कशी होऊं लागली ह्याचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील माउंट होप नांवाच्या खाडीइतकें बोलकें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

ही खाडी नॅरागान्सेट उपसागराची ईशान्येकडील शाखा होय. तिचा कांहीं भाग मॅसॅच्युसेट्स राज्यांत आहे, कांहीं ऱ्होड आयलंड राज्यांत. तिच्या कांठच्या माउंट होप टेकडीवर वाम्पानोआग लोकांचा नायक मेटाकॉम ह्याचें ठाणें होतें. इंग्रज वसाहतवाले त्यास किंग फिलिप म्हणत व त्यांच्याशीं लढतांना १६७६ सालीं तो ह्याच टेकडीजवळ मारला गेला. खाडीच्या पूर्वेस फॉल रिव्हर हें शहर आहे. पडणारें पाणी ह्या अर्थाच्या मूळ रहिवाशांच्या शब्दाचेंच तें इंग्रजी रूप आहे. त्या पाण्याच्या जोरावर व पुढें वाफेच्या जोरावर एकोणिसाव्या शतकांत तेथें कापसाच्या गिरण्यांची एवढी गर्दी झाली कीं, अमेरिकेंत सुती कापडाचें आगर म्हणून त्या गांवाचें नांव झालें. मुंबईच्या गिरणगांवाची ज्यांस ओळख आहे त्यांस त्या शहराची कळा सांगावयास नको. तेथील भोंगेहि कालांतरानें असेच एकामागून एक बंद पडले. गिरण्या दक्षिणेकडील राज्यांत गेल्या, आणि खाडीच्या उत्तर टोंकास, ली व टॉन्टन ह्या नद्या जेथें तिला मिळतात तेथें, सॉमरसेट गांवच्या ब्रेटन पॉइंट नांवाच्या भूशिरावर नवें वीजघर उभें राहिलें.

खाडी मोठी नाहीं. तिचें क्षेत्रफळ सुमारें ३५ चौरस किलोमीटर व सरासरी खोली सहा मीटरांच्या आंतबाहेर. उथळ, निवाऱ्याची आणि दोन नद्यांच्या गोड्या पाण्यानें मिसळलेली ही जागा माशांच्या दृष्टीनें म्हणजे बाळंतिणीची खोलीच. तेथें येणाऱ्या माशांपैकीं ह्या कथेचा नायक आहे विंटर फ्लौंडर, म्हणजे हिंवाळी फ्लौंडर. आपल्या बाजारांतील लेप किंवा भाकस ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ह्या चपट्या माशाची कल्पना सहज येईल. अंड्यांतून बाहेर पडतांना त्याचें पिलूं इतर माशांच्या पिलांसारखेंच सरळ असतें. पुढें त्याचा डावा डोळा हळूहळू सरकत उजव्या बाजूस येतो व तें तळाशीं एका कुशीवर पडून राहूं लागतें. पण त्याची खरी विशेषता थंडीशीं असलेल्या त्याच्या नात्यांत आहे. बहुतेक मासे वसंताची ऊब सुरू झाल्यावर अंडीं घालतात. हा मासा ऐन हिंवाळ्यांत, पाणी गोठणबिंदूच्या जवळ असतांना, खाडींत येऊन अंडीं घालतो. त्याच्या रक्तांत असें एक प्रथिन असतें कीं, समुद्राचें पाणी शून्य अंशाखालीं गेलें तरी तें रक्त गोठत नाहीं. एकेक मादी लक्षावधि अंडीं घालते, तीं तळाशीं चिकटून राहतात, आणि मोठीं झालेलीं पिलें वयांत आल्यावर बहुशः आपल्या जन्माच्याच खाडीकडे परत येतात. म्हणजे एका खाडीची प्रजा संपली तर शेजारची प्रजा येऊन ती जागा ताबडतोब भरून काढील असा भरंवसा नाहीं.

एवढ्या कडाक्यांत पोरांस जन्म देण्याचें कारण काय? संशोधकांच्या मतें त्यांतील एक मोठें कारण वाळूंत राहणाऱ्या एका लहान कोळंबीत आहे. ही कोळंबी फ्लौंडरचीं अंडीं व नुकतीं तळाशीं उतरलेलीं पिलें आवडीनें खाते. परंतु अति थंड पाण्यांत ती मंद असते. पाणी उबदार होऊन तिची भूक जागी होण्यापूर्वीं पिलांनीं तिच्या तोंडांत न मावण्याइतकें वाढून घ्यावें, असा हा काळाशीं लावलेला पैजेचा हिशेब आहे. त्यांत पाण्याची ऊब चार आठवडे अगोदर आली तर मासा उष्णतेनें मरत नाहीं. पण पैज हरतो. ऊन पाण्यानें मासे मरतात म्हणजे उकडून मरतात अशी जी सामान्य समजूत आहे ती किती अपुरी आहे, हें ह्या एका उदाहरणावरून दिसेल.

ब्रेटन पॉइंटचा पहिला संच १९६३ सालीं चालू झाला, दुसरा १९६४ सालीं व तिसरा १९६९ सालीं. हे तिन्ही खाडीचें पाणी एका बाजूनें घेत व कंडेन्सरमधून एकदां फिरवून दुसऱ्या बाजूनें सोडून देत. १९७४ सालीं चौथा संच आला तेव्हां त्याच्यासाठीं मात्र निराळी व्यवस्था होती: ऊन पाणी एका कालव्यांत फवाऱ्यांनीं उडवून निववावयाचें आणि तेंच पुन्हा वापरावयाचें. चारी संच मिळून सुमारें १६०० मेगावॅट वीज निघे, व कोळसा-तेलावर चालणारें एवढें मोठें वीजघर न्यू इंग्लंड प्रांतांत दुसरें नव्हतें. पुढें १९८४ सालीं चौथ्या संचाची ती व्यवस्था बदलून त्यासहि इतरांप्रमाणें एकदां वापरून सोडून देण्याचें पाणी देण्यांत आलें. सरकारी परवानगीनेंच हें झालें. त्यानंतर वीजघर दिवसाला जवळजवळ शंभर कोटि गॅलन, म्हणजे सुमारें ३८० कोटि लिटर पाणी ओढूं लागलें. खाडींतील एकंदर पाण्याशीं ह्याचें प्रमाण लावून पाहतां, सारी खाडी वर्षांतून जवळजवळ सात वेळां वीजघराच्या नळ्यांतून जाऊन येत होती असें म्हणावें लागतें. बाहेर पडणारें पाणी ३५ अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊन असण्याची व आंत गेलेल्या पाण्यापेक्षां बारा अंशांनीं अधिक ऊन असण्याची मुभा परवान्यांत होती.

असें पाणी माशांस किती तऱ्हांनीं भोंवतें हें थोडें सविस्तर पाहिलें पाहिजे. पाणी ओढण्याच्या तोंडाशीं कचरा अडावा म्हणून जाळ्या बसविलेल्या असतात. प्रवाहाच्या ओढीनें मोठे मासे ह्या जाळ्यांवर येऊन चिकटतात. जाळींतून निसटण्याइतकीं लहान अंडीं व पिलें आंत जातात, पंपाचा मार, दाबाचा फेर, एकदम वाढलेली उष्णता व नळ्यांत शेवाळ धरूं नये म्हणून घातलेलें क्लोरिन अशा साऱ्या दिव्यांतून जातात, आणि त्यांतील फारच थोडीं जिवंत बाहेर पडतात. ह्या मरणाचा डोळ्यांस पुरावा उरत नाहीं, कारण पिलूं तांदळाच्या दाण्याएवढेंहि नसतें. तिसरी गोष्ट ती बाहेर पसरणारी ऊब. ऊन पाणी हलकें म्हणून वर तरंगतें. पण उथळ खाडींत तें तळासहि सुखानें राहूं देत नाहीं. शिवाय ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि नेमकी त्याच वेळीं माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

ऊन पाण्याचा आणखी एक चमत्कारिक अपाय आहे. हिंवाळ्यांत मासे त्याच्याकडे आपण होऊन ओढले जातात. वीजघराच्या नाल्याशीं गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांस ही पर्वणीच वाटते. आणि वीजकंपन्यांनींहि पुष्कळदां ह्या गर्दीकडे बोट दाखवून मासे सुखांत आहेत असें म्हटलें आहे. पण दक्षिणेकडे जाण्याची वेळ टाळून तेथेंच रमलेल्या माशांवर एक दिवस यंत्र बंद पडण्याची पाळी येते. न्यू जर्सी राज्यांतील ऑइस्टर क्रीक अणुवीजघर १९७२ च्या जानेवारींत थांबलें, तेव्हां नाल्यांतील पाणी एकाएकीं थंड झालें आणि मेनहेडन नांवाचे मासे फार मोठ्या संख्येनें मेले. पुढच्याच वर्षीं, १९७३ च्या एप्रिलांत, मॅसॅच्युसेट्समधील पिल्ग्रिम अणुवीजघराच्या नाल्यांत त्याच जातीचे सुमारें ४३,००० मासे निराळ्याच कारणानें मेले: पाणी ऊन झाल्यामुळें त्यांतील वायु प्रमाणाबाहेर सांठून राहिला व माशांच्या रक्तांत त्याचे बुडबुडे झाले. ऑइस्टर क्रीकचें यंत्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें. त्याच कंपनीनें पुरविलेल्या अणुभट्ट्या त्याच १९६९ सालीं, २८ ऑक्टोबर रोजीं, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथें नियमित वीज देऊं लागल्या; त्यांसहि अरबी समुद्राचेंच पाणी निववतें. मात्र अमेरिकेंतील अनुभव इकडे जसाच्या तसा लावतां येत नाहीं. हिंवाळ्यांत एकाएकीं गारठण्याचें भय आपल्या किनाऱ्यास नाहीं. उलट उष्ण कटिबंधांतील पुष्कळ जलचर आपल्या सोसण्याच्या वरच्या मर्यादेजवळच जगत असतात, त्यामुळें उन्हाळ्यांतील दोनचार अंश त्यांस जड जातात. भारत सरकारनें १९९८ सालीं समुद्राचें पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक वीजघरांसाठीं सात अंशांच्या वाढीची जी मर्यादा घातली ती ह्या दृष्टीनें वाचली पाहिजे.

आतां पुन्हा माउंट होपकडे वळूं. १९७२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें स्वच्छ पाण्याचा जो कायदा केला, त्यांत उष्णतेची गणना स्पष्टपणें दूषित द्रव्यांमध्यें केली. पाण्यांत टाकलेली ऊब ही घाण होय, हें त्या देशाच्या कायद्यानें असें मान्य केलें. परंतु त्याच कायद्याच्या ३१६ व्या कलमांत एक पळवाटहि ठेविली होती: त्या ठिकाणच्या माशांचें व इतर जलचरांचें संतुलित जीवन सुरक्षित राहील असें जो कारखानदार दाखवून देईल, त्यास उष्णतेची सौम्य मर्यादा मिळावी. कलम वाईट नव्हतें. खोल व वाहत्या समुद्राच्या कांठच्या वीजघरास जी सवलत योग्य, ती बंदिस्त खाडींतल्या वीजघरास योग्य असेलच असें नाहीं, आणि हा विवेक करण्याचें काम परवाना देणारांवर सोंपविलें होतें. तो विवेक येथें वेळेवर झाला नाहीं. ब्रेटन पॉइंटला सवलतीचे परवाने मिळत गेले.

कोळ्यांच्या ध्यानांत ही गोष्ट आंकड्यांच्या अगोदर आली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून खाडींतील फ्लौंडर झपाट्यानें उणे झाले. त्यांच्याबरोबर टॉटॉग, विंडोपेन इत्यादि दुसऱ्या जातीहि रोडावल्या. १९९६ सालीं ऱ्होड आयलंडच्या मत्स्यखात्यांतील जीवशास्त्रज्ञ मार्क गिब्सन ह्यांनीं वर्षानुवर्षांच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून अहवाल लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, खाडींतील माशांची संख्या सुमारें ८७ टक्क्यांनीं घटली आहे, आणि ही घसरण चौथ्या संचांत १९८४ सालीं झालेल्या बदलानंतर सुरू झाली. ह्या अहवालानें खळबळ उडाली. पुढच्याच वर्षीं कंपनीनें पाणी व उष्णता कांहीं प्रमाणांत कमी करण्याचा करार केला. १९९९ सालीं ब्राऊन विद्यापीठांतील संशोधकांनीं उपग्रहांवरून घेतलेल्या उष्णतेच्या चित्रांवरून दाखविलें कीं, उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदांत ही खाडी नॅरागान्सेटच्या तत्सम भागांपेक्षां जवळजवळ पाऊण अंशानें अधिक ऊन असते. पाऊण अंश म्हणजे कांहींच नाहीं असें घरांत बसून वाटतें. पण हा एका नाल्याच्या तोंडचा आंकडा नव्हे. साऱ्या खाडीचा आहे.

दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे, व ती निव्वळ कंपनीची वकिली म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. फ्लौंडर त्याच काळांत नॅरागान्सेटच्या इतर भागांतहि घटत होते, तेथें वीजघराचा संबंध नव्हता. यांत्रिक होड्यांनीं त्यांची बेसुमार धरणी केली होती. आणि समुद्रच हळूहळू उबदार होत होता. मग एकट्या ब्रेटन पॉइंटच्या माथीं दोष कां मारावा, असा ह्या पक्षाचा सवाल. त्यास उत्तर असें देण्यांत आलें कीं, ज्या रोग्यास तीन व्याधि आहेत त्याच्या तिसऱ्या व्याधीवर औषध करूं नये असें कोणी म्हणत नाहीं. आणि ज्या प्रजेवर धरणीचा व ऋतुबदलाचा भार आधींच पडला आहे, तिचीं पिलें दरसाल नळ्यांत गमावणें हें तर अधिकच महाग पडतें. हें उत्तर बळकट आहे. धरणीवर निर्बंध घातल्यानंतरहि ही प्रजा सावरली नाहीं, ही गोष्टहि त्याच बाजूस झुकते.

संयुक्त संस्थानांच्या पर्यावरणखात्यानें अखेर २००३ च्या ऑक्टोबरांत नवा परवाना काढला व त्यांत सवलत नाकारली. उष्णता ९६ टक्क्यांनीं कमी करा, आणि पाण्याची ओढ ९४ टक्क्यांनीं, म्हणजे दिवसाला सुमारें २१ कोटि लिटरांवर आणा, असा हुकूम झाला. एवढी कपात करावयाची तर पाणी निववून पुन्हा वापरण्यावांचून मार्ग नव्हता. वीजघराचे त्यावेळचे मालक अपिलांत गेले. २००५ सालीं तें वीजघर डोमिनियन कंपनीनें विकत घेतलें, तरी वाद चालूच राहिला, आणि २००७ च्या डिसेंबरांत कंपनीनें तडजोड करून परवाना मान्य केला. कायद्याच्या दृष्टीनें ही तारीख लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण पाणी ओढण्यासंबंधींच्या नियमांत खर्च आणि लाभ एकमेकांशीं तोलून पाहण्याची मुभा सरकारी खात्यास आहे, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें २००९ च्या एप्रिलांत दुसऱ्या एका खटल्यांत दिला. माशाच्या पिलाची किंमत डॉलरांत मांडावयाची म्हटल्यास तराजूचें पारडें कोणत्या बाजूस झुकेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

मग दोन प्रचंड मनोरे उभे राहिले. मधें निमुळते, वर पुन्हा रुंदावलेले, काँक्रीटचे, प्रत्येकीं सुमारें ५०० फूट उंच. मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची २८० फूट, म्हणजे हे त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक. आंत ऊन पाणी शिंपडावयाचें, खालून आपोआप वर चढणाऱ्या हवेनें त्याची ऊब न्यावयाची, व निवलेलें पाणी पुन्हा कंडेन्सरला द्यावयाचें, अशी त्यांची रचना. खर्च पन्नास कोटि डॉलरांहून अधिक आला. २०१२ सालापर्यंत चारी संच ह्या पद्धतीवर आले आणि खाडीकडे जाणारा ऊन पाण्याचा लोट जवळजवळ थांबला. चौथ्या संचाचा फवाऱ्यांचा कालवा मोडून तेव्हां अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं.

परंतु तोंवर बाजारच पालटला होता. स्वस्त नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजघरांपुढें कोळशाचें वीजघर टिकेना. डोमिनियननें तें २०१३ सालीं विकलें, त्याच वर्षीं तें बंद करण्याचें जाहीर झालें, आणि २०१७ च्या मे अखेरीस ब्रेटन पॉइंटचीं यंत्रें कायमचीं थांबलीं. माशांसाठीं बांधलेल्या मनोऱ्यांनीं पुरीं सहा वर्षेंहि काम केलें नाहीं. २७ एप्रिल २०१९ रोजीं सुरुंग लावून ते दोन्ही पाडण्यांत आले. पाहतां पाहतां ते आपल्याच बुडाशीं कोसळले.

वीजघराचें पाणी थांबलें, तरी फ्लौंडरची प्रजा पूर्वीच्या संख्येनें परतली नाहीं. नॅरागान्सेट उपसागराचें पाणी गेल्या अर्धशतकांत सरासरीनें सुमारें दीड अंशानें ऊन झालें आहे, आणि थंडीच्या पैजेवर जगणाऱ्या माशास आतां कोणत्याहि एका नाल्याचें तोंड बुजवून वांचवितां येत नाहीं. ह्या दीड अंशाचा हिशेब करतांना जगांतील साऱ्या कोळशाचीं धुरांडीं मोजावीं लागतील; त्यांत ब्रेटन पॉइंटचींहि येतात. ऱ्होड आयलंड विद्यापीठाची एक नौका ह्या उपसागरांत १९५९ सालापासून दर आठवड्यास ठराविक दोन ठिकाणीं जाळें ओढून हातीं आलेला प्रत्येक मासा मोजीत आली आहे. प्रारंभींच्या वर्षांत तिच्या जाळ्यांत हिंवाळी फ्लौंडरसारख्या थंडीच्या, तळाशीं राहणाऱ्या माशांचें प्राबल्य असे. पुढें त्यांची जागा दक्षिणेकडून येणाऱ्या स्कप व बटरफिश ह्या माशांनीं आणि माकुळांनीं घेतली.